काचेपलीकडची धाकटी

१२ मार्च

चहा पुन्हा अंगावर! सर्जननी मेंदूतली फुगलेली रक्तवाहिनी नीट केली, जीव वाचला — पण शुद्धीवर आले तेव्हापासून तोंडाची उजवी बाजू संपावर. हसले की ओठ डावीकडं पळतात. नवरा म्हणतो, "अर्ध्या हसण्यात भागवू." याला बरं सुचतं!

१४ मार्च

मेंदूच्या त्या भागाला रक्त पोचतंय का, ते सोमवारी बघणार. शिरेतून ट्रेसर टोचतात. तो रक्ताबरोबर मेंदूत जातो आणि त्याच्यातून निघणाऱ्या किरणांमुळं यंत्राला दिसतो. काही तासांत त्याचा जोर ओसरतो, म्हणून दुधासारखा आजचा आजच लागतो. आणि तो बनवतं कोण? माझी धाकटी बहीण! आई गेल्यावर जिच्या वेण्या मी घातल्या, ती. मेडिकलवाल्याला सांगितलं, टॅक्सीवाल्याला सांगितलं, शेजारच्या काकूंना तर दोनदा.

धाकटी कपाळावर हात मारून म्हणाली, "ताई, पुरे गं!"

१५ मार्च

आरशासमोर गाल फुगवायचा व्यायाम. हवा उजवीकडून फुस्स.

१७ मार्च

सकाळी लिपस्टिक लावली. उजवीकडं रेघ घसरली. पुसली, पुन्हा लावली. तिच्या खात्यातली माणसं बघणार ना!

ट्रेसर टोचला एका दाढीवाल्यानं. धाकटी काचेपलीकडं, यंत्राच्या पडद्यासमोर. मान माझीच ताठ झाली. तिनं नुसता हात हलवला. स्कॅन झाल्यावर मी तिच्याकडं धावले, तर ही चक्क मागं सरली! दाढीवाल्यासमोर! "आज नको ताई. लांबूनच बोल. उद्या येते मी."

घरी येऊन माझ्या याच तोंडात ही रोज घास भरवते. तिथं मात्र लाज वाटली असेल. वाटू दे. चारचौघांत मान आहे तिला, तो माझ्या तोंडापायी कशाला जायला हवा? एवढी मोठी झाली, हे काय थोडं आहे?

तरी — मागं सरली.

१८ मार्च

धाकटी आली. दारातच मिठी, माझ्या लुळ्या गालावर तिचा गाल. "रक्त सगळीकडं पोचतंय, ताई! डॉक्टर म्हणाले, तोंडही सुधारेल हळूहळू." आणि रडायलाच लागली. "तू जगभर सांगत सुटलीस, पण मी सध्या ट्रेसरला हातसुद्धा लावत नाही. काल तो तुझ्या अंगात होता, त्याची किरणं बाहेर येत होती. जवळ कशी येऊ? तिसरा महिना लागलाय मला! तुझं निभावेपर्यंत कुणाला सांगायचंच नव्हतं."