मुके ठेवलेले भोंगे

उस्ताद, तुमचं नाव आज सकाळी मी रेगमालानं घासून काढलं. चार भोंग्यांवरचं, दोन अँप्लिफायर मशीनवरचं आणि तुम्ही ज्या लाकडी पेटीत माईक दुपट्ट्यात गुंडाळून ठेवायचात त्या पेटीवरचं. पिवळा ऑइलपेंट, पेंटरचा हात चांगला, निघता निघत नव्हता. अंगणात खुर्ची टाकली आणि दोन तास घासत बसलो. आधी पांढुर्णा गेलं, मग सर्व्हिस गेलं, मग साउंड, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. बायको दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "विकाचंच आहे तं घासून काहून राहिले? घेणारा घेते ना तसंच." मी म्हटलं, मी भोंगे विकून राहिलो, माणूस नाही. ती कपाळाला हात लावून आत गेली. तुम्हाला जाऊन तीस वर्षांच्या वर झाली. इतक्या वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.

विकायचं कारण तुम्ही नाही, बायकोचे गुडघे आहेत. नागपूरला ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले जिना बंद. म्हणजे तिचा पलंग खाली आणायचा. आणि खालच्या खोलीची फरशी गेल्या वीस वर्षांत कोणी पाहिलेली नाही. दारापासून खिडकीपर्यंत रेडिओ, रेकॉर्ड प्लेयर, स्पूलचे टेप, कॅसेटचे डेक, लाकडी खोक्यांतले स्पीकर, सुतळीनं बांधलेल्या वायरी, वर्तमानपत्रात गुंडाळलेले व्हॉल्व. बायको तिला वखार म्हणते. तिनं मला सरळ विचारलं, "पलंग का वखार, एक सांगा." मी रागावलो, दोन दिवस जेवताना बोललो नाही, तिसऱ्या दिवशी विकायला काढलं. नागपूरचे, इटारसीचे, बैतूलचे शौकीन येऊन घेऊन गेले. जाताना प्रत्येक डबा एकदा वाजवून दाखवला, कारण ते सगळे मी वाजवतच होतो. शेवटी कोपऱ्यात उरले ते तुमचे. ते मी कधीच वाजवले नव्हते.

सुरुवातच तुमच्यापासून झाली होती. तुम्ही गेल्यावर तुमच्या मुलांनी दुकानात कॅसेटी भरायचं काम सुरू केलं आणि भोंगे भंगारात काढले. मी तेव्हा बोरगावच्या कारखान्यात वायरमन होतो. ड्यूटीवरून येताना भंगारवाल्याच्या हातगाडीवर तुमचं नाव दिसलं, पालथं. तिथल्या तिथं घेतलं. मग एकेक करून सगळं शोधलं. एक मशीन तिगावच्या किराणावाल्याकडे निघालं, दुसरं सौसरला एकाच्या गोठ्यात. लोक म्हणायचे, शागीर्द असावा तर असा, उस्तादाची आठवण जपून राहिला. मी हो म्हणायचो. खरं काय होतं ते तुम्ही ओळखलं असेल. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याच्या लग्नात आवाज लावला, त्याचा सूड एकाच रीतीनं घेता येतो. त्याचे भोंगे घ्यायचे आणि वाजू द्यायचे नाहीत. मी ते मुके ठेवले. पुढे त्यांच्या सोबतीला बाकीचे डबे येत गेले आणि त्यांचा नाद लागला, ती गोष्ट वेगळी.

ते चौऱ्याऐंशी साल असेल. छिंदवाड्याला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एक मुलगी आर्ट्सला होती, सौसरची. आमचं बोलणं झालं असेल ते एकूण सात-आठ वेळा, त्यातलं निम्मं लायब्ररीच्या कार्डाबद्दल. तिची आई आजारी पडली आणि तिला घरी बोलावून घेतलं. महिन्याभरात मी पण ट्रंक उचलून पांढुर्ण्याला आलो. बाप म्हणाला, "परीक्षा तं दे." मी म्हटलं, होत नाही. कारण सांगितलं नाही. मग तुमच्या दुकानात येऊन उभा राहिलो, ते कामासाठी नाही. लगीनसराईत सौसरचे निम्मे मंडप तुमच्याकडे असतात हे मला माहीत होतं. तुम्ही स्टुलावर बसलेले, पायजमा गुडघ्यापर्यंत वर, तोंडात सोल्डरची तार. मला वरून खाली पाहता आणि विचारता, "कालेजवाला हायेस, बल्लीवर चढशील?" मी भोंगा बांधायच्या त्या उंच लाकडी खांबावर चढलो. उतरलो तेव्हा दोन्ही तळहात सोललेले. तुम्ही म्हणालात, "उद्या ये."

सौसरला पहिला मंडप मिळाला तो तिच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. मी बल्लीवर चढून भोंगा बांधला आणि त्याचं तोंड तिच्या गल्लीकडे फिरवलं. खाली मंडपात सनई नीट ऐकू येईना, नवरदेवाचा मामा ओरडायला लागला. तुम्ही खालून वर पाहिलं. भर मंडपात, सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणालात, "काबे, लगन इथं लागून राह्यलं आन भोंगा तिकडं कोणाले ऐकवून राहिला?" बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी भोंगा फिरवला. उतरताना तुमच्याकडे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी नागपूरहून आणलेला एक टेस्टर माझ्या खिशाला लावलात आणि म्हणालात, आपला असावा. तुमच्या दुकानातली ती माझी एकमेव कमाई. तुम्ही मला शिकवलं मात्र सगळं. आधी भोंगा जोडायचा, मग मशीन चालू करायचं, नाहीतर मशीन स्वतःच जळतं. मी एकदा विसरलो तेव्हा पाठीवर वायरीचा फटका बसला होता. त्याच शिकवणीवर मला कारखान्यात नोकरी लागली, हे बायको अधूनमधून ऐकवते. मी म्हणतो, शिकवलं म्हणून माणूस सुटत नाही.

आता त्या दुपारवर येतो. सौसरच्या माझ्या आत्यानं त्या मुलीच्या घरी माझ्यासाठी शब्द टाकला होता. जात एक, गाव जवळ, अडायचं कारण नव्हतं. तिचे वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. आपल्याकडे पोराची चौकशी घरी करत नाहीत, घरचे गोडच सांगणार. चौकशी करतात ती पोरगं जिथं कामाला असेल तिथं. गुरुजी बसनं आले, छत्री दुकानाच्या चौकटीला अडकवली. मी मागं पोत्याच्या पडद्याआड एका भोंग्याचं युनिट, म्हणजे मागचा आवाज काढणारा लोखंडी गड्डा, उघडून बसलेलो, हातात तापलेली सोल्डरची सळई. गुरुजींना माहीत नव्हतं मी आहे, तुम्हाला माहीत होतं. तुम्ही चहा मागवला. गुरुजींनी विचारलं, "पोट्टं कसं आहे?" आणि तुम्ही, एवढासुद्धा वेळ न लावता, जसं मशीनचं सांगावं तसं सांगितलंत. "हात सोन्याचा आहे. पण डोस्क्यात इस्तो आहे गुरुजी. माही पोरगी असती तं म्या देली नसती."

डोक्यात विस्तव. एका वाक्यात, उस्ताद. कॉलेज सोडून ज्या मुलीसाठी मी बल्ल्यांवर चढत होतो, ती तुम्ही चहा यायच्या आत घालवलीत. गुरुजी उठून गेले. आठ दिवसांनी आत्याकडे निरोप आला, आमचा विचार नाही. त्याच संध्याकाळी तुमचा टेस्टर मी जाम नदीत फेकला. तुमच्या दुकानाची पायरी तर त्या दुपारनंतर चढलोच नव्हतो. वैशाखात तिचं लग्न लागलं, अमरावतीकडचा कोणी. मी सौसरच्या बसस्टँडवर उभा होतो, आणि तिथपर्यंत सनई येत होती. आवाज ओळखीचा होता. त्यातला डावा भोंगा जरा फाटका वाजायचा, त्याचं युनिट मीच बसवलेलं. म्हणजे तिचा मंडपही तुम्हीच घेतलात. तिथं उभ्या उभ्या मी ठरवलं की हे भोंगे एक दिवस माझ्या घरी येतील आणि गप्प बसतील. तसंच झालं.

बायकोला हे सगळं लग्नानंतर वर्षभरात सांगून टाकलं होतं. तेव्हा ती रडेल असं मला वाटलं होतं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. म्हणाली, "माह्या बापानं कुठं चौकशीच केली नाही ना. तुमच्या उस्तादाले येऊन विचारलं असतं तं मी वाचली असती." मी ताट भिंतीवर फेकलं. तिनं ते उचललं, पुसलं, त्यातच मला वाढलं आणि म्हणाली, "पाहा." त्यानंतर कितीतरी ताटं फेकली मी. कारखान्यात दोन सुपरवायझरांशी हाणामारी केली, मुलीच्या लग्नात व्याह्यांशी भांडलो. दर वेळी बायको एवढंच म्हणते, तुमचे उस्ताद चांगले होते. ती तुम्हाला कधी भेटली नाही. माझ्या घरात तुमच्या बाजूनं बोलणारं एक माणूस तुम्ही न येता ठेवलंत, याचाही राग आहे मला.

भोंगे घेणारा आज अकराच्या गाडीनं नागपूरहून आला. चाळिशीचा, बँकेत आहे, चष्मा, नम्र माणूस. घासलेल्या जागा पाहून त्याचं तोंड उतरलं. "काका, नाव काहून काढलं? त्याच्याचसाठी तं आलो होतो. कोण होते हे?" मी म्हटलं, होते कोणी. तो म्हणाला, "वाजते तरी का?" मी म्हटलं, माहीत नाही. खरं म्हणजे मला खात्री होती की मेले असतील. इतकी वर्षं न चालवलेलं मशीन, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. मला ते त्याच्यासमोर मेलेले पाहायचे होते. नव्या वायरी लावल्या. आधी भोंगा जोडला, मग मशीन चालू केलं. व्हॉल्व हळूहळू लाल झाले. मी माईकवर बोट आपटलं आणि ते सगळ्या गल्लीत ऐकू गेलं. समोरच्या घरातला म्हातारा बाहेर येऊन पाहायला लागला की कोणाकडे काय आहे. आत पलंगाची जागा मोजत असलेली बायको तिथूनच म्हणाली, "लय दमाचे आहेत."

माझा पारा चढला. त्या माणसाला चौकटीतच उभं करून मी सगळी गोष्ट सांगितली. कॉलेज, सौसर, पडदा, गुरुजी, आणि तुमचं ते वाक्य, शब्दाला शब्द. इथं मी नेहमी थांबतो. ऐकणारा इथं च्यक् च्यक् करतो, लई वाईट झालं म्हणतो, आणि विषय संपतो. चाळीस वर्षांत असंच होत आलं. या माणसानं च्यक् च्यक् केलं नाही. चष्मा पुसत म्हणाला, "मंग गुरुजी काय म्हणाले?" मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, "नाही, उस्ताद असं बोलले, त्याच्यावर पोरीचा बाप काहीतरी तं बोलला असन ना." मी म्हटलं, तुमची परतीची गाडी चुकेल. त्याचे भोंगे रिक्षात चढवून दिले. तो गेल्यापासून हे लिहीत बसलो आहे.

गुरुजी हसले होते, उस्ताद. म्हणाले, "जवान पोट्टं आहे, तापनच. माहंही डोस्कं त्या वयात असंच होतं. लगन झालं का निवते. दारू तं नाही ना पीत?" तुम्ही म्हणालात, "दारूले शिवत नाही. कामाले मजबूत आहे. अन् पोरगं खोटं नाही बोलत." मग गुरुजींनी खिशातून कागद काढला, पेनचं टोपण उघडलं आणि माझ्या वडिलांचं पूर्ण नाव विचारलं. ते मी ऐकलंच नाही असं मला म्हणता येत नाही. मी ऐकलं. पण माझ्या कानात तुमचं आधीचं वाक्य बसलं होतं आणि हातात युनिट होतं. मी पडदा सारून बाहेर आलो आणि ते तीन किलोचं लोखंड तुमच्या डोक्याच्या दिशेनं फेकलं. ते कानाजवळून गेलं, मागच्या कपाटाची काच फुटली, काचेचे तुकडे गुरुजींच्या चहात पडले. त्यांनी पेनला टोपण लावलं, कागद घडी करून खिशात ठेवला, छत्री घेतली आणि गेले.

तुम्ही वाकून युनिट उचललं. कानाशी धरून हलवलं. माझ्याकडे न पाहता म्हणालात, "वाजन अजून. उद्या पाचले ये, तिगावले मंडप आहे." तुम्ही मला काढलं नव्हतंत. मीच आलो नाही. बायकोला हे माहीत नाही, आत्याला माहीत नव्हतं, कोणालाच नाही. माहीत होतं ते तुम्हाला, आणि आज तुम्हाला लिहितानासुद्धा वर मी निम्मंच लिहिलं, जणू तुम्ही त्या दुपारी दुकानात नव्हतातच.