मशीन बिघडलेलं नाही

युदेल्का,

मशीन बिघडलेलं नाही. उगाच बटणं दाबत बसू नकोस. दिवा लागतो, पण ते पाण्याची वाट बघत थांबतं. न्यू यॉर्कहून हौसेनं पाठवलंस. आपल्या गल्लीत नळाला पाणी कधीतरीच येतं, हे मात्र विसरलीस. अंगणातल्या पिंपातलं पाणी बादलीनं आत ओत, झाकण खट्कन लागेपर्यंत दाब, मग चालू होईल. आधी आईच्या चादरी धू, आजही ओल्या झाल्यात.

"ताई, एवढं ऑटोमॅटिक घेऊन दिलं, तरी तुझी रड आहेच!" असं काल इथे आल्या आल्या म्हणालीस ना? आता तूच चालव. मी बानी गावाला मावशीकडे चाललेय. कधी येणार, ते विचारू नकोस.

आईला तुझं नाव आठवत नाही. ती माझ्याच नावानं हाक मारेल. ओ दे.

नेरेइदा