झऱ्याच्या वरचे पांढरे पट्टे

१९ ऑक्टोबर, दुपार

चि. धाकट्या,

तुझ्या आईचा पोटभर आशीर्वाद. आम्ही इथे बऱ्या आहोत, तूही बरा असशील असं धरून चालते. अक्षराला हसू नकोस, चौथीत शाळा सुटली ती सुटलीच.

बातमी आधी सांगते, पोटात राहत नाही. तुझी आई काल डोंगराच्या माथ्यावर जाऊन आली! एकाहत्तराव्या वर्षी! तुला खोटं वाटेल म्हणून ताईच्या भिंगरीने काढलेला फोटो सोबत घातलाय. त्यात माझं तोंड उघडं आहे, कारण मी ओरडत होते, "काढ लवकर, पडीन आता!" तुझी भाची कॉलेजात जायला लागली तरी तिला एक फोटो धड काढता येत नाही.

गुडघ्यात इंजेक्शन घेतल्यापासून पाय जरा ऐकतोय. सकाळी उजाडल्यावर निघालो. उकडलेली अंडी, पाव आणि थर्मासभर चहा. झाडं अर्धी बोडकी झालीत, पाचोळ्यात घोट्यापर्यंत पाय बुडतो. भिंगरी सारखी म्हणते, "आजी, दम खा." मी म्हटलं, "दम तू खा, मी अंडं खाते."

आणि वरून काय दिसतं रे! पायथ्याशी पन्नास वर्षं संसार केला आणि मला पत्ताच नव्हता. तळं बशीएवढं. एकामागे एक पाच डोंगर, शेवटचा तर धुऊन धुऊन विटलेल्या कापडासारखा. तुझ्या गावातल्या कारखान्याची धुराडीसुद्धा दिसतात. भिंगरीने माझं बोट धरून दाखवली. मी त्या बाजूला पाठ करून बसले. वारा बोचत होता म्हणून.

वारा नव्हता. बरं, आता खरं लिहिते.

मी फिरायला गेले नव्हते. पुढच्या आठवड्यात वनखात्याची माणसं डोंगरवाटेवरच्या खुणा, दगडांवरचे ते पांढरे पट्टे, तपासायला येणार आहेत. तुझ्या बाबांनी गेल्या पानगळीत मारले ते शेवटचे. माणूस गेल्यावर त्याच्या नावाला बट्टा लागतोय का, ते मला आधी बघायचं होतं.

तीन वर्षांपूर्वी तू म्हणाला होतास, "आई, बाबांना दिसत नाही. कुणाचा तरी जीव जाईल. त्यांना काम सोडायला सांग." आणि मी म्हटलं, "तुला बापाची जागा हवी, म्हणून त्यांना आंधळं ठरवतोस." तू भरल्या ताटावरून उठून गेलास.

मला माहीत होतं रे. झऱ्यापर्यंत मीच बरोबर जायची. "हा घ्या दगड, मारा पट्टा," असं मी सांगायची आणि ते मारायचे. झऱ्याच्या वर माझा गुडघा चालायचा नाही, तिथून ते एकटे जायचे. त्यांच्या पायांना वाट पाठ होती, पण ब्रश कुठल्या दगडावर टेकतोय ते डोळ्यांना कळायचं नाही. मी खाली बसून स्वेटर विणायची.

काल झऱ्याच्या वर गेलो. कड्याच्या अंगाला, जिथे पुढे नुसती दरी, तिथल्या चार दगडांवरचा पांढरा रंग तारेच्या ब्रशने खरवडलेला होता. धुक्यात कुणी त्या पट्ट्यांच्या मागोमाग गेलं असतं तर? आणि खऱ्या वाटेवर ठळक पट्टे, रंगाचे दोन थर. भिंगरी म्हणाली, "आजोबांनीच चूक सुधारली असेल." मी वाकून बघितलं. प्रत्येक पट्टा उजवीकडे जाड आणि डावीकडे विरत गेलेला. आपल्या घरात डावखुरा एकच.

पलीकडच्या बाजूने चढून यायचास ना? भांडणानंतरची दोन्ही वर्षं, बाबांच्या मागोमाग? तिथून आपलं छप्पर दिसतं. ते बघायचास आणि तसाच माघारी फिरायचास?

भिंगरीला म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. पोरीने चहा ओतून दिला.

इथे पत्र संपवणार होते, पण हात थांबत नाही. तुझे बाबा एकाएकी गेले, असं मी तुला कळवलं होतं. एकाएकी नव्हे. तीन दिवस ते मला तुझंच विचारत होते, "धाकट्याला कळवलंस?" मी सांगितलं, "कळवलं. येत नाही म्हणतो." मी कळवलंच नव्हतं. तू दारात आला असतास तर तूच खरा होतास हे त्यांच्यासमोर कबूल करावं लागलं असतं. तेवढं तोंड मला नव्हतं. ते म्हणाले, "असू दे. त्याचा राग काही खोटा नाही." मग कुशीवर वळले ते वळलेच.

खात्याची माणसं आली की मी सांगणार आहे, झऱ्याच्या खालचे पट्टे माझ्या डोळ्यांनी मारलेत आणि वरचे माझ्या मुलाने. तुझ्या बाबांचं नाव जायचं तर जाऊ दे.

ये, असं लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. नाही आलास तर मला विचारायला जागा नाही.

त्यांना तुझ्याबद्दल खोटं सांगणारी,
तुझी आई