रबरी बटण

नांदूरघाट,
१२ ऑगस्ट १९९९

चि. मृत्युंजय यास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात, तोंड मात्र ठणठणीत आहे. दुकान मी दोन्ही वेळा उघडते. तू पुण्याहून पाठवलेला, हातात धरून खेळायचा रंगीत व्हिडिओ गेम पोचला. खोकं आईनेच फोडलं, चालू करून बघितला, आणि "रंग लई हायत, पर आवाज त्योच हाय," म्हणून लगेच झाकून ठेवला.

सोबतचं तुझं चार पानी प्रवचनही वाचलं. तू म्हणतोस, रंग आला, खेळ वाढले म्हणजे यंत्राची नवी पिढी नव्हे. जुन्याला जे जमतच नव्हतं ते जमलं, तरच खरी नवी पिढी. दुरुस्तीच्या दुकानात बसून लई शहाणा झालास बघ! पण पटलं. आप्पांच्या जुन्या गेममध्ये नऊ हजार नऊशे नव्याण्णव खेळ म्हणे, आणि सगळ्यांत पडायच्या विटाच. बंद केला की सगळं विसरायचा. हा नवा कालचा डाव आज तिथूनच पुढे नेतो.

आणखी एक फरक तू लिहिलास, तिथे मी अडले. नव्याला सरकवायचा खटका आहे, म्हणून तो चुकून चालू होत नाही. जुन्याचं रबरी बटण मात्र कशानेही दाबलं जायचं.

मृत्युंजय, जुना गेम हरवला असं मी तुला सांगितलं, ते खोटं होतं.

चैत्रात आप्पा दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या गेले, तेव्हा तो त्यांच्या हातातच होता. कंपाउंडरने नाडी बघून संपलं म्हणून सांगितलं. केजला दवाखान्यात आम्ही नेलंच नाही. ऊन फार, म्हणून तुझी गाडी यायच्या आधीच मळ्यात समाधी दिली. आपल्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना खड्ड्यात बसवलं, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं. उजवा हात रिकामा मला बघवेना. विभूती लावायच्या निमित्ताने वाकून मी गेम त्या हातात सरकवला. बंद होता. पडदा मी नीट बघितला होता.

त्यांच्यावर हातभर माती पडली असेल. लोक शिवनाम घेत होते. तेवढ्यात खालून गेम चालू होतानाची धून आली. मी आईकडे बघितलं, तिनेही ऐकलं होतं. माझं मनगट घट्ट धरून म्हणाली, "गप ऱ्हा! समाधीत खेळणं टाकलं म्हून लोकं तोंडात शेण घालतील. मातीनं दाबलं असंल."

मातीनेच दाबलं असेल. मीही मनाशी तेच म्हटलं.

पण मग टिक. थोड्या वेळाने पुन्हा टिक. वीट फिरवली की वाजतं तसं, आणि आप्पा विचार करून फिरवायचे तितकंच मध्ये थांबून. मग ओळ पुरी भरल्यावर जो आवाज येतो, तो आला. दोनदा.

मी ओरडायला हवं होतं. लोकलाजेपायी गप्प बसले. शेवटची टोपली मीच ओतली रे.

तू रोज अशी यंत्रं उघडून बघतोस. मातीच्या वजनाने ओळ भरते का, एवढंच कळव. भरत असेल तर उलट टपाली लिही. भरत नसेल तर लिहू नकोस. तुझं पत्र वाटेत गहाळ झालं असं मी समजेन, आणि आईलाही तसंच सांगेन.

तुझ्या उत्तराला भिणारी,
तुझी ताई
कावेरी