मंगल कार्यालय गणितवाल्यांच्या नावे

मी, मनुबाई सयाजी शेवाळे, राहणार मलकापूर, तालुका कराड, जिल्हा सातारा, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र करून ठेवत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पुतण्या उदयसिंह याचं मत वेगळं आहे. ते जोडलेलं नाही.

१. माझं स्वकष्टार्जित मंगल कार्यालय शुद्ध गणिताच्या संशोधनासाठी नवा ट्रस्ट करून त्याला द्यावं. विश्वस्त प्रा. माया बिराप्पा कोळेकर, विश्रामबाग, सांगली.

याचं कारण इथंच लिहिते. ऐन लग्नसराईत आमच्याकडचं एक लग्न डीजेच्या भांडणावरून आदल्या दिवशी मोडलं. आचारी जोतीराम बुंदी पाडून बसलेला. तेवढ्यात माया रडवेली होऊन आली. तिच्या गणित परिषदेला पैसे देणाऱ्या संस्थेनं "याचा उपयोग काय?" म्हणून ऐनवेळी अंग काढून घेतलं होतं आणि पाहुणे तर रेल्वेत बसले होते. सांगलीपासून ती हॉल विचारत आली होती. मी म्हटलं, "आण सगळ्यांना. बुंदी वाया जातीय."

'शुभविवाह'च्या कमानीखालून गणितवाले आत आले. मानपान नाही, रुसवेफुगवे नाहीत. भांडले, पण एक वस्तू असू शकते की नाही यावरून. आणि ती वस्तू कुणाच्याच मालकीची नव्हती! दुसऱ्या दिवशी एका किडकिडीत मुलानं नवरीच्या खोलीची भिंत आकड्यांनी भरली. सगळे उठून टाळ्या वाजवू लागले. मायाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मावशी, लय वर्षं अडकल्यालं, आज सुटलं."

"मग आता काय हुनार?"

"काय बी न्हाई. पर खरं हाय, ह्ये कळलं."

यजमान गेल्यापासून त्या हॉलमध्ये मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

२. पौषात मुहूर्त नसतात. त्या महिन्यात परिषद भरवावी. बाकीच्या वर्षातल्या लग्नांच्या भाड्यातून संशोधक मुलामुलींचा प्रवास आणि जेवण भागवावं. उपयोग काय, असं कुणालाही विचारू नये. इतकी लग्नं लावली, तिथं कुणी विचारलं नाही.

३. ती भिंत रंगवू नये.

४. उदयसिंह याला तिथं गाड्यांची शोरूम काढायची होती. "काकी, येड्यांच्या नादाला लागलीस," असं तो चार पाहुण्यांत म्हणाला. त्याला स्टेजवरच्या दोन्ही सोनेरी खुर्च्या द्याव्यात. एकीवर बसावं, दुसरीवर पाय ठेवावेत.

५. जोतीरामला सगळी मोठी पातेली.

६. माझं तेरावं वेगळं घालू नये. पुढच्या परिषदेत गोडाचं जेवण करावं. माझ्याबद्दल भाषण कुणी करू नये. अगदीच राहवलं नाही, तर काहीतरी सिद्ध करावं.

वरील मजकूर वाचून घेतला, पटला, म्हणून आम्हा दोघांसमोर मनुबाईंनी सही केली.

सही: मनुबाई सयाजी शेवाळे

साक्षीदार: लीलाबाई मानसिंग जगदाळे, धनाजी गुंडा पुजारी

मलकापूर, १४ नोव्हेंबर २०२५