बुजवणाऱ्याचे हात

मंगळवार, संध्याकाळ

संपादकांचा फोन आला. आर्सेनिकच्या लेखातला डीएनएचा परिच्छेद काढा म्हणे, खेड्यात कोणाला कळणार! कोणाला? खेड्यातल्याच शांताकाकूंच्या हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक निघालं. आज अड्याळच्या बाजारात त्यांना तोच परिच्छेद समजावत होतो. पेशीतला डीएनए तुटतो, पेशी तो दुरुस्त करते. आर्सेनिक तुटणं वाढवतं आणि दुरुस्तीही अडवतं. काकू म्हणाल्या, "म्हणजे बांधीचा धुरा बी फोडते अन् बुजवणाऱ्याचे हात बी धरून ठेवते! असं सोपं काहून नाही लिहत, सर? अन् नातीले आता कोणतं पाणी पाजू?"

धानाच्या शेताचा फुटलेला बांध आणि बुजवणाऱ्याचे हात! मला का नाही सुचलं?

परिच्छेद राहील. काकूंचं वाक्य आणि त्यांचे दोन्ही प्रश्न त्यातच घातले आणि लेख पाठवून दिला. छापायचा तर अख्खा छापा.