माय, वय आणि मधला लुडबुड्या

नवी वस्ती, ता. पवनी, जि. भंडारा
बुधवार, दुपार

तीर्थरूप दादा यांस,

धाकट्या टेकचंदचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमची साखर आटोक्यात असेल, चंदावहिनींचा गुडघा जिना चढताना पूर्वीइतका बोलत नसेल आणि लिफ्ट दुरुस्त झाली असेल अशी आशा करतो. (झाली नसेल तर सोसायटीच्या सभेत काय बोलावं याचे मुद्दे मी वेगळे पाठवीन.) इकडे आम्ही सर्व ठीक. धानाची रोवणी आटोपली, बांध्यांत पाणी उभं आहे, मायची तब्येत उत्तम. फक्त माझा आवाज गेला आहे. पवनीच्या डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून पाहिलं आणि आठवडाभर एक अक्षर बोलायचं नाही अशी ताकीद दिली. शकुंतलेनं त्यांना विचारलं, "एकच आठवडा का जी?" तिच्या स्वरात काळजी होती की आणखी काही, हे मला विचारता आलं नाही, कारण ताकीद तेव्हापासूनच लागू होती. म्हणून फोन न करता हे पत्र लिहून रिताच्या हाती देतो आहे. खरं तर तुमच्या लेकीनं सगळं तुम्हाला फोनवरच सांगितलं असतं. पण ती म्हणाली, "काका, बाबांना तुम्ही पेटवलंय, तुम्हीच विझवा."

तर दादा, विझवण्याचा विषय हा की रविवारी गाडी घेऊन येऊन मायला कायमची नागपूरला न्यायचं तुम्ही ठरवलं आहे, आणि ते माझ्या फोनमुळे ठरवलं आहे. मायनं यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिनं फक्त आपल्या कोंबड्या शेजारच्या कलाबाईला देऊन टाकल्या आणि ओट्याच्या कडेची वालाची वेल कोणी पाहायची हे शकुंतलेला समजावून सांगितलं. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, केवढी समजूतदार बाई! आता वाटतं, केवढा आंधळा मुलगा. पण ते ओघानं येईलच.

रिता आपल्या कॉलेजच्या अभ्यासासाठी आली, हे तुम्हाला ठाऊक आहे. माणसाचं वय आणि त्याचा इतर माणसांशी येणारा संबंध, हा विषय. पवनीतली एक जुनी गल्ली आणि आपली ही धरणग्रस्तांची वस्ती, दोन्हीकडे घरोघर जाऊन एकच प्रश्न: काल दिवसभरात तुम्ही कोणाकोणाशी बसून बोललात? वाटाड्या मी. (या तालुक्यात असा चौक नाही जिथे मी बोललो नाही, त्यामुळे दारं उघडायला अडचण नव्हती. काही दारं आम्ही दिसताच लागली, पण ती वाऱ्यानं लागली असावीत असं मी तेव्हा धरलं.) मायलाही तिनं विचारलं. माय म्हणाली, "दोघंच, बाई. एक सून अन् एक हा. सुनेसंग म्या बोलतो. हा भाषण देते." रितानं दोन लिहून घेतले.

सगळी गोळाबेरीज झाली आणि तिनं मला मोबाइलवर एक रेघ दाखवली. वय वाढतं तशी उतारावरून घसरत जाणारी. वीस-पंचवीस वर्षांची माणसं दिवसाला भरपूर बोलतात, ऐंशीची जवळजवळ मुकी. दादा, ती रेघ पाहून माझं रक्त उसळलं! "थांबा काका, हे कच्चं आहे," असं ती म्हणत होती, पण कच्चं-पक्कं ऐकायला मी जागेवर होतो कुठे? मी तडक तुम्हाला फोन केला आणि मायला या निर्जन वाळवंटातून घेऊन जा म्हणून बजावलं. (निर्जन वाळवंट हे शब्द आपल्या दारापर्यंत धरणाचं पाणी येत असताना वापरायला नको होते.) आणि पुढच्याच आठवडी बाजारात भाजीवाल्यांच्या रांगेपुढे उभा राहून मी तरुण पिढीला असं सोललं की दोघं टोपली टाकून निघून गेले. "तुमच्या हातातल्या काचेत सारं जग आहे, पण समोरच्या खाटेवरची आजी नाही!" टाळ्या पडल्या. ठराव झाला: एक तरुण, एक म्हातारं, रोज एक तास.

ठरावाची अंमलबजावणी झाली, हेच दुर्दैव. कलाबाई चौथ्या दिवशी माझ्यावर चालून आली. "काहून गा टेकचंद, म्या तुह्यं काय वाकडं केलं? तो पोट्टा येते, माह्या बोर्डावर मोबाइल चार्जिंगले लावते अन् म्हणते, आजी, बोल. काय बोलू? माह्यं सरपण भिजून राहिलं, अन् हा म्हणते तास नाही झाला!" तिकडे एक आजोबा तासाची वेळ झाली की नदीकडे निघून जाऊ लागले. या वयात एवढं झपाझप चालताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा रितानं मला खाली बसवलं. ती म्हणाली, "काका, गोसीखुर्दचे दरवाजे उघडले की शकुंतलाकाकू घरी भजी करते. खरं की नाही?" मी म्हटलं, खरं. "मग धरणाच्या दरवाज्यांना भज्यांचा वास येतो का?" मी हसलो. "दोन्हीमागे पाऊस आहे," ती म्हणाली. "दरवाजे त्याच्यामुळे उघडतात, भजी त्याच्यामुळेच होतात. तो दिसला नाही तर आपण दरवाजे आणि भजी यांची सोयरीक जुळवून मोकळे होतो. अभ्यासात आधी असा तिसरा शोधायचा असतो." त्याला त्यांच्या पुस्तकात एक जडजंबाल नाव आहे. मी त्याचं बारसं करून टाकलं: लुडबुड्या. दोन गोष्टींच्या मागे राहून दोघींच्या कानाला लागणारा, आणि पकडायला जावं तर तिथे नसल्यासारखा.

मग तिनं तीच माहिती दोन ढिगांत वेगळी केली. आपल्या वस्तीत म्हातारी माणसं जास्त, कारण तरुण कामाला नागपूर-हैदराबादला गेले. आणि इथे बोलणं कमी, कारण प्लॉट यादीच्या क्रमानं वाटले आणि जन्माचे शेजारी वस्तीच्या दोन टोकांना जाऊन पडले. उलट पवनीच्या गल्लीत तरुण जास्त, आणि तिथे खाली दुकानं, वर घरं. गप्प बसायचं म्हटलं तरी कोणी बसू देत नाही. दोन्ही ढीग एकत्र केले की वाटतं वयानं बोलणं खाल्लं. वेगळे केले तर पवनीतला नव्वदीचा म्हातारा तिथल्या पोरांइतकाच बडबडतो आणि आपल्या वस्तीतला पंचविशीचा गडी म्हाताऱ्यांइतकाच गप्प. ती घसरती रेघ माझ्या डोळ्यांदेखत जवळजवळ सपाट झाली. दादा, मी थक्क झालो. उभं आयुष्य मी कारण आणि परिणाम अशा दोन खांबांना दोरी बांधून तिच्यावर भाषणं वाळत घातली. मधे कोणी उभा आहे का, हे पाहण्याइतका वेळ मी कधी श्वास घेतला नव्हता. कपाटभर पुस्तकं वाचली, त्यांतलं एकही मला असं खाली बसवू शकलं नाही.

आता चूक जाहीर केली तर माफीही जाहीरच हवी. पुढच्या बाजारात मी पुन्हा उभा राहिलो आणि मागचं भाषण मागे घेतलं. मागे घेण्याचं भाषण मूळ भाषणापेक्षा लांबलं (तरुणांची क्षमा, मग लुडबुड्याची ओळख, मग प्लॉटवाटपाच्या यादीचा निषेध), त्यात वीज गेली आणि कर्णा बंद पडला. मी उघड्या गळ्यानं शेवटपर्यंत गेलो. शेवटचं वाक्य कोणालाच ऐकू आलं नाही, कारण तोवर आवाज संपला होता. टाळ्या मात्र मागच्या खेपेपेक्षा जोरात पडल्या.

पण एक काटा राहिलाच होता. आपल्या वस्तीचा ढीग वेगळा पाहिला तरी माय त्यात बसत नव्हती. कलाबाई तिच्याच वयाची, दोन घरं सोडून राहणारी, तिच्यासारखीच विधवा. ती दिवसाला चार-पाच जणींशी बोलते. माय दोघांशी. कान दोघींचे शाबूत, पाय दोघींचे चालते. रिता म्हणाली, "या घरात अजून कोणीतरी आहे." माफीच्या भाषणाआधीच मी शोध सुरू केला होता. आपल्या कुत्र्यावर संशय घेतला. तो बिचारा चोर आला तरी शेपूट हलवतो. सुनेच्या स्वभावाची शक्यता मी मांडली आणि त्या दिवशी वरणाला फोडणी मिळाली नाही. शेवटी मला ओटा दिसला. तो पश्चिमेला, दुपारी उन्हाची तिरीप थेट डोळ्यांत, बसेल कोण? मी बाजारातून हिरवी जाळी आणून बांधली. कोणी आलं नाही. मी जाळी दुहेरी केली. तरी नाही.

आणि माझा आवाज गेल्याच्या दुसऱ्या दुपारी मी आतल्या खोलीत मिठाच्या गुळण्या करत असताना ओट्यावर पावलं वाजली. कलाबाईचा आवाज आला, "कावं कौशल्याबाई, तुह्या पोराचं खरंच बंद झालं का वं?" माय म्हणाली, "डाक्टरनं बंद केलं. बस." मग आणखी एक आली, मग वरच्या ओळीतल्या दोघी, आणि उन्हं कलेपर्यंत ओटा भरला. मी धावत जाऊन पाटीवर लिहिलं, "जाळी!!" आणि रितापुढे धरली. तिनं बाहेर जाऊन जाळी सोडली. ऊन आलं. बायकांनी पदर पुढे ओढले आणि गप्पा चालू राहिल्या. मग ती आत येऊन म्हणाली, "काका, फक्त एकदा खाकरा." मी खाकरलो. दादा, ओटा असा शांत झाला जसा तहसीलदार आल्यावर चावडी होते. दोघींना चुलीवरचं दूध आठवलं. दुपारी चार वाजता!

मी तसाच मांडी घालून खाली बसलो. या घरात, या ओट्यावर, मायच्या वयाच्या आणि तिच्या एकटेपणाच्या मधे जो उभा होता त्याचं बारसं मीच केलं होतं.

त्यानंतर मी खाकरत नाही. दाराआड बसून ऐकतो. आणि जे ऐकलं ते सांगायला माझ्याजवळ वाणी नाही याबद्दल डॉक्टरांचे आभार, कारण असती तर मी त्याचं वाटोळं केलं असतं. माय रोज दुपारी बुडालेल्या गावातली आपली गल्ली चालून दाखवते. देवळापासून सुरुवात करते, घर घर पुढे जाते, आणि ज्या बाईचं घर येतं ती मधेच म्हणते, "माह्या दारी कडुनिंब होता, तो सांग." माय तो कडुनिंब लावते आणि पुढे जाते. एक जण म्हणाली, "माह्यं घर राहून गेलं," तर माय म्हणाली, "घाई काहून करतं? तुह्या घरापुढं चिखल होता, पाय जपून टाकून राहिलो ना." सगळ्या हसल्या. मोजणीला आलेल्या साहेबाची ती नक्कल करते. टेप धरून तो शेणात कसा पडला ते. ऐंशीच्या पुढची ही बाई बसल्या जागी घसरते आणि उठते! मी विस्थापितांवर इतकी व्यासपीठं गाजवली, डोळ्यांत पाणी आणलं, पण पाण्याखालची गल्ली अशी रोज वर काढून पुन्हा जागच्या जागी ठेवणारी माणसं माझ्याच ओट्यावर आहेत, हे मला माहीत नव्हतं. यादीनं ज्यांना ओळीओळींत पांगवलं, त्या तिथे पुन्हा शेजारी लागून बसतात. मी दाराआडच्या अंधारात हात जोडून ऐकतो.

तेव्हा दादा, मायला नेऊ नका. तुमच्या प्रेमाबद्दल शंका नाही आणि चौथ्या मजल्यावरची तिची खोली हवेशीर आहे हे मी पाहिलं आहे. पण तिथे वय सोबत येईल आणि ओटा इथे राहील. ती नाही म्हणणार नाही. तिनं तुम्हाला आणि मला आजवर कशालाच नाही म्हटलेलं नाही. म्हणून तिच्या वतीनं मी म्हणतो.

वहिनींना नमस्कार. वडील मंडळींच्या आशीर्वादाचा भुकेला,

टेकचंद

ता. क. – डॉक्टर म्हणतात, आवाज शुक्रवारपर्यंत परत येईल. ही बातमी शकुंतलेनं ओट्यावर सांगितली तेव्हा कलाबाई पदर सावरून म्हणाली, "मंग आता शुक्रवारपर्यंतच."

ता. क. २ – म्हणून रविवारी गाडी आणाच, रद्द करू नका. हवेशीर खोलीत मला ठेवा. रिताच्या मते आठवडाभराच्या पाहणीवर भरवसा नाही. लुडबुड्या निदान महिनाभर काढून ठेवावा आणि मग परत आणून काय फरक पडतो ते पाहावं. पथ्याचं विशेष काही नाही. संध्याकाळी तुमच्या इमारतीच्या बागेत किती ज्येष्ठ मंडळी बसतात ते मात्र मी यायच्या आधी पाहून ठेवा, असं तिनं मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. कारण तिनं सांगितलं नाही.

ता. क. ३ – शकुंतलेनं हे पत्र मायला वाचून दाखवलं. दोन ठिकाणी माय हसली, कडुनिंबाशी पुन्हा वाच म्हणाली. मग मला जवळ बोलावून तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाय बाबू. अन् तिकडून फोन नको करू, असंच लिवत जाय. तुह्यं लिवलेलं गोड लागते. पाहिजे तिथं थांबवता येते."